चार बिड्यांचं कस्टर

इंग्रजांचं राज्य आमच्या कालव्यावरच्या बंगल्यातनं मी सोता घालवलं. ते तसं चाळीसेक वर्सं आधीच गेलेलं हुतं, पन मला कुनी कळवलं नव्हतं.

मी किसन. नेवाशाच्या अलीकडं कालव्याला लागून सरकारी बंगला हाय, तिथं मी उभा जल्म सैपाक केला. मास्तरीनबाई दिवाळी अंकासाठी लिवून घ्यायला बसल्यात आन् मी बोलतोय. शाळेत म्हनाल तर मी एकदाच गेल्तो, हरवलेली शेळी हुडकायला. शेळी गावली, तसा म्हागारी आलो.

मूळ आमी जामखेडकडचं. आई-बाप ऊसतोडीला इकडं यायचे, मी बी यायचो. पन कोयता हातात धरला की उसाच्या आधी माझंच बोट तुटायचं. दोनदा तसं झालं. मुकादम म्हनला, "ह्याला कुटं तरी सावलीत बशिवा, न्हाईतर मोळी बांधायला ह्याला बोटंच उरायची न्हाईत." तसा बंगल्यावर पानी भरायला लागलो. तिथं खानसामा हुते ते माझे मामा. म्हंजी तवा मामा नव्हते, त्यांनी त्यांची सुंदरा मला दिली, मंग मामा झाले. लोक मला घरजावई म्हनायचे. मी म्हनायचो, घर तरी कुटं त्यांचं हाय, घर सरकारचं हाय.

बंगला म्हंजी काय ते सांगतो, आता कुनाला ठाव न्हाई. कालवा खनला तवा गोऱ्या इंजिनेरांला उतरायला बांधलेला. दोन मोठ्या खोल्या, पुढं व्हरांडा, वर कौलं. आन् सैपाकघर पार मागं, पन्नास पावलं लांब. सायबाला धूर आन् आमी, दोन्ही जवळ नको हुतं. त्यामुळं सूप टेबलापातूर जाईस्तवर गार व्हायचं. मामा म्हनायचे, गोऱ्यांला वाटायचं हिंदुस्थानात सूप गारच पित्यात.

राज्य बदललं त्या दिसाची गोष्ट मामा घोळून घोळून सांगायचे. गोरा सायेब सकाळीच ट्रंक घिऊन मोटारीत बसून गेला. मामांनी दुपारचं कस्टर करून ठिवलेलं, ते तसंच ऱ्हायलं. दुसऱ्या दिशी देशी सायेब आला. मामा दारात उभं ऱ्हाऊन म्हनले, "सायेब, आता काय करायचं?"

सायेब म्हनला, "काल काय केलं हुतं?"

"कस्टर."

"मंग आज बी तेच कर."

स्वराज्याचा एवढाच हुकूम सैपाकघरापातूर आला. मामांनी पाळला, मामांच्या मागं मी पाळला.

साहेबी जेवान ठरलेलं असायचं. सूप, म्हंजी तुरीच्या डाळीचं वरचं पानी, मिरी टाकून. मंग कटलेट. मंग उकडलेली गाजरं आन् घेवडा, त्यात मीठ बी भीत भीत. शेवटाला कस्टर. अंडी, दूध, साखर घुसळायची, भांड्याच्या बुडाला जळकी साखर वतायची, आन् भांडं मोठ्या पातेल्यात वाफेवर ठिवायचं. गार झालं की ताटलीत उपडं करायचं. नीट झालं तर थरथरत उभं ऱ्हातंय, नव्या नवरीसारखं.

समदं काम येळंचं. आन् घड्याळ मला कळत न्हाई. मामांला बी कळत नव्हतं. मामांनी मला बिडीवर शिकवलं. अर्धकच्चं अंडं म्हंजी एक बिडी. पक्कं अंडं म्हंजी दोन. कटलेटची एक बाजू अर्धी बिडी. कस्टर म्हंजी चार बिड्या, त्या बी दमानं वढायच्या, घाई केली तर कस्टर कच्चं. माझ्या हातचं कस्टर कधी बिघडलं न्हाई. फकस्त पाव्हने जास्ती आले की मी चार दिस खोकत बसायचो.

लगीन झालं तवा मामांनी मला पांढरे हातमोजे दिले. म्हनले, "वाढताना घालायचे. आपला हात सायबाला दिसता कामा न्हाई." मी दोनदा घालून बघितले. एकदा त्यातनं मीठदानी सुटली, एकदा काचेचा गिल्लास. मंग ध्यानात आलं की गरम भांडं उतरायला ते लई बेस हायेत. वर्सभरात काळेकुट्ट झाले. मामा बघायचे आन् तोंड फिरवायचे.

आन् देशी सायबांची काय मजा सांगू. टेबलाला हाताखालची मानसं बसलेली असायची, म्हनून सायेब काट्यानं गाजर टोचत बसायचा. गाजर ताटलीभर पळतंय, काटा त्याच्या मागं पळतोय, सायेब घामाघूम. जेवान झालं की पाय मोकळे करतो म्हनून निघायचा, आन् चक्कर मारून सैपाकघराच्या मागल्या दारात. "किसन, खरं काय केलंय रं?" खरं म्हंजी सुंदराच्या चुलीवरचं. ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी हुलग्याची शेंगोळी. उकिडवा बसून दोन भाकरी हानायचा आन् जाताना शेऱ्याच्या बुकात लिवायचा की कस्टर उत्तम हुतं.

खरा गोरा माझ्या काळात एकच आला. म्हातारा, ह्याच बंगल्यात त्याचा बाप कधी काळी ऱ्हायलेला. मी जीव तोडून कस्टर केलं. त्यानं पोटावर हात ठिवून मान हालवली. साखरेचा आजार. दहीभात खाऊन गेला.

आता ते शेऱ्याचं बुक. परत्येक बंगल्यात असतंय. पाव्हना जाताना त्यात चार वळी लिवतो, आन् खानसाम्याचं नशीब त्या चार वळीत असतंय. मला वाचता येत न्हाई, पन मी ते बुक रोज पुसायचो. माझं समदं आयुष्य त्यात हाय आन् मला त्यातलं अक्षर लागत न्हाई, ह्याचं मला लई नवल वाटायचं.

मी सतरा वर्सं रोजंदारीवर. एक दिस आमचे रावसायेब आले. कालव्यावरच्या ओव्हरसियरला आमच्याकडं रावसायेब म्हनत्यात. मानूस बरा हुता, पन वाईट बातमी सांगायची असली की आधी चा मागायचा. चा मागितला तवाच मी समजून गेलो.

म्हनले, "किसन, वरनं कागद आलाय. जिथं खानसामा कायम न्हाई, तिथली चूल बंद करायची आन् मागल्या खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या."

मागल्या खोल्यांत आमी ऱ्हायचो. मामांच्या अंगावरनं वारं गेलेलं, दोन वर्सं खाटेवर. त्या खाटंसकट जायचं कुटं, जामखेडला? तिथं घराची एक भित उभी हुती, ती बी दुसऱ्याची.

"एक वाट हाय," रावसायेब म्हनले. "आफ्रिकेतनं पाव्हने यायलेत, केनिया देशाचे. आपल्याकडं डोंगरावर पानी अडवायची कामं झाल्यात ती बघायला. दोन दिस हितं उतरनार. त्यांनी बुकात चांगलं लिवलं तर ते पान मी तुझ्या फायलीला जोडतो. परदेशी शेरा बघितला की वरचे सायेब लगीच सही करत्यात."

"खात्यात काय ते?"

"परदेशी हायेत. साहेबी कर, दुसरं काय."

मला बी तसंच वाटलं. मामांचं शास्तर हुतं की समुद्राच्या पलीकडला मानूस म्हंजी त्याला तिखट सोसत न्हाई. समुद्र कुठला ते मामांनी सांगितलं नव्हतं.

रावसायेब उठता उठता म्हनले, "आन् ऐक. मुख्य पाव्हनी बाईमानूस हाय. सैपाकघरात बिडीचा वास आला तर तुझी फाईल मीच कालव्यात टाकीन." त्यांनी माझ्या खिशातलं बंडल काढलं आन् सोताच्या खिशात घातलं.

पाव्हने येनार त्या दिशी सकाळी मी चुलीपुढं बसलो आन् मला कळलं की माझं घड्याळच रावसायेब घिऊन गेलेत. अंडी टाकली, आता काढायची कवा? सुंदरा भाकरीचं पीठ मळत हुती. तिला म्हनलं, "तू आकडे मोज."

"मला वीसच्या पुढं येत न्हाई."

"मला दहाच्या पुढं न्हाई. दोघं मिळून तीस तरी हुईल."

ती म्हनली, "तुमचं तुमी बघा, मला पीठ हाय."

मंग मी तुरकाठीचा तुकडा तोंडात धरला आन् बिडीवानी वढत बसलो. पन तुरकाठी काय संपत न्हाई. चार बिड्या झाल्या का सहा झाल्या, काय उमजंना. शेवटाला जीव घाबरा झाला तसं कस्टर उतरवलं.

दुपारी जीप आली. चार बाप्ये आन् एक बाई. बाईचं नाव वांजिरू. उंच, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कानाजवळ पांढरे. चालताना पाय असा टाकायची की जमीन तिचीच हाय. मी व्हरांड्यात हात जोडून उभा. मला मनात वाटलं, ह्या आपल्यासारख्याच सावळ्या, ह्यांला गाजर कसं चालंल? पन हुकूम तो हुकूम.

सूप गार गेलं, रिवाजापरमानं. कटलेट ताटलीत ठिवलं आन् त्याचे दोन झाले, मंग चार. मंग मी कस्टर आनलं आन् बाईंच्या म्होरं उपडं केलं. ते उभं काय ऱ्हाईना. ताटलीभर पसरलं, काठावरनं उतरलं आन् टेबलक्लॉथवरनं सावकाश बाईंच्या मांडीकडं निघालं, कालव्याला पानी सुटावं तसं. रावसायेब डोळे मिटून बसले.

बाईंनी खुर्ची मागं सारली. रागावल्या न्हाईत. त्या कस्टरकडं बघत हुत्या, वळखीचं मानूस गर्दीत दिसल्यावानी. मंग रावसायबांला इंग्रजीत काय तरी म्हनल्या.

रावसायेब मला म्हनले, "इचारत्यात, हे तुला कुनी शिकवलं?"

"सासऱ्यांनी."

"त्यांला कुनी?"

"गोऱ्या मडमंनं."

बाई उठल्या आन् थेट सैपाकघराकडं निघाल्या. त्यांच्या मागं मी, माझ्या मागं रावसायेब. बाई पावलं टाकताना तोंडातल्या तोंडात काय तरी पुटपुटत हुत्या. दारात पोचल्या तसं रावसायबांला म्हनल्या, "पन्नास. आमच्याकडं सत्तर हुती."

मंग उमगलं. बाईंचे वडील केनियात एका गोऱ्याच्या मळ्यावर खानसामा हुते. असाच बंगला, असाच व्हरांडा, मागं सत्तर पावलांवर सैपाकघर. बाई लहानपनी त्या सैपाकघराच्या दारात बसून व्हरांड्याकडं बघायच्या. तिकडं जायचं न्हाई, असा दंडक. त्या म्हनल्या, तिकडनं इकडं चालत यायला कसं लागतं ते मला एकदा बघायचं हुतं.

"कसं लागलं?" मी इचारलं.

"लांब," बाई म्हनल्या.

तेवढ्यात त्यांची नजर पातेल्यावर गेली. पातेल्याच्या कडंला माझे हातमोजे, काळे, एका बोटाला भोक. बाईंनी एक उचलला, उलटा केला. आत अजून पांढरं हुतं. रावसायेब माझ्याकडं बघून दात खात हुते.

"हे काय हाय?" बाईंनी इचारलं.

खोटं सांगावं असं वाटलं, पन सुचलं न्हाई. म्हनलं, "सासऱ्यांनी वाढताना घालायला दिलेले. मी गरम भांडी उतरायला घेतो."

मनात म्हनलं, गेली फाईल. आन् मंग त्या हसाय लागल्या. भितीला हात लावून हसल्या, डोळ्याला पानी येईस्तवर. त्यांच्या वडलांला बी पांढरे मोजे हुते. रोज रातीला धुवायचे, आईनं हात लावला तर वरडायचे. केस पिकले तरी गोरा त्यांला 'बॉय' म्हनायचा. मी म्हनलं, आमच्या मामांला बी म्हनायचे की, तीन पोरींचा बाप असताना.

मला आता राहवंना. मी पाट दिला, बाई बसल्या, आन् मी इचारत सुटलो. रावसायेब बिचारे इकडनं तिकडं भाषा वाहून वाहून दमले. तुमच्यातनं गोरे कसे गेले? भांडून गेले, बाई म्हनल्या, लोक रानात ऱ्हायले, लई मेले. मंग बंगला कुनाला मिळाला? आमच्याच सायबांला. त्यांनी काय खाल्लं? बाईंनी माझ्याकडं बघितलं आन् म्हनल्या, कस्टर.

"आन् तुमचे वडील?"

"झेंडा बदलला त्या दिशी घरी आले. भर दुपारी अंगनात बसले आन् आईनं केलेलं हातानं जेवले. मंग परत जल्मात कुनाच्या चुलीपुढं बसले न्हाईत." मंग त्यांनी मला इचारलं, "तुमचे गोरे जाऊन इतकी वर्सं झाली. तुला हे करायला अजून कोन सांगतंय?"

मी लई इचार केला. खरंच कुनी सांगत नव्हतं. म्हनलं, "बाई, बंद कर असं बी कुनी म्हनलं न्हाई."

रावसायबांनी ह्याचं इंग्रजी केलं आन् सोताच खाली बघाय लागले.

चुलीवर सुंदराची भाकरी फुगत हुती. बाईंनी हात पुढं केला. सुंदरानं माझ्याकडं न बघता भाकरी मोडून दिली, वर ठेचा. मी म्हनलं, "अगं तिखट हाय, समुद्रापलीकडची मानसं हायेत." सुंदरा म्हनली, "खात्यात तर खाऊ द्या." बाईंनी खाल्ली. मंग बाकीच्या चौघांला हाक मारली. पाची जन सैपाकघराच्या दारात मांडी घालून बसले, आन् एकटे रावसायेब उभे, बसावं का न्हाई ते न कळून. शेवटाला ते बी बसले.

बाईंनी मामांला भेटायचं म्हनलं. माझी काय छाती हुईना, पन नेलं. मामांनी खाटंवर उठायची धडपड केली. त्यांला डोळ्यानं कमी दिसायचं, म्हनले, "मडम हाय का?"

"मोठ्या सायेब हायेत, मामा."

मामांची जीभ जड झालेली. हळू म्हनले, "कस्टर खाल्लं का?"

मी म्हनलं, "खाल्लं, मामा. दोनदा घेतलं."

आमच्या रावसायबांला सवय लागलेली, त्यांनी ह्याचं बी इंग्रजी करून टाकलं. माझं खोटं पार समुद्रापलीकडं गेलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मंग मामांच्या डोळ्यांजवळ हात नेला, दोन बोटं दाखवली आन् मान हालवली. व्हय, दोनदा. मामांनी त्यांचा हात धरला. मोजा न घालता मामांनी सायबाचा हात पयल्यांदाच धरला असंल. सोडंचनात.

दुसऱ्या दिशी बाईंनी ज्वारीचं पीठ मागून घेतलं आन् आधनात टाकून लाकडी पळीनं घोटलं, घट्ट गोळा. त्यांच्याकडचं जेवान ते. मला आमच्या कण्यांची याद आली. गोळा मोडायचा, बोटानं खळगा करायचा आन् त्यात कालवन भरायचं. मी म्हनलं, हे बेस हाय, काटा पळत न्हाई.

जाताना बाईंनी शेऱ्याच्या बुकात बराच येळ लिवलं. जीप वळली तसं मी रावसायबांच्या पाया पडायच्या बेतात, "वाचा की." त्यांनी मनात वाचलं, मंग चष्मा पुसला, मंग मोठ्यानं मराठीत सांगितलं:

"ह्या बंगल्यातलं गोऱ्यांचं जेवान बंद करावं. ते गोऱ्यांला तरी आवडत हुतं का, मला शंका हाय. हितली भाकरी मी जल्मात विसरनार न्हाई. ज्या हातानं ती केली, तो हात सरकारनं सोडू नये."

मी म्हनलं, "हे चांगलं का वाईट?"

"बघू," रावसायेब म्हनले, आन् माझं बंडल मला परत दिलं. दोन बिड्या कमी हुत्या.

पान फायलीला लागलं. फाईल वर गेली, कुटं कुटं फिरली, आन् दुसऱ्या उन्हाळ्यात मी कायम झालो. कागदावर चौकीदार म्हनून, कारन खानसाम्याची जागाच वरनं काढून टाकल्याली. म्हंजी पुढं रिटायर हुईस्तवर मी चौकीदार हुतो आन् चोरून सैपाक करायचो. कस्टर मातूर परत केलं न्हाई. सायेब लोक आता समोरच्या दारानंच भाकरी मागाय लागले.

मामा त्या आधीच गेले, माझा कायमचा कागद त्यांनी बघितला न्हाई. राज्य गेल्याचं त्यांला ठाव हुतं. कस्टर गेल्याचं मी शेवटपातूर सांगितलं न्हाई. चांगलं केलं का वाईट, मला अजून कळत न्हाई. मोजे त्यांच्यासंगं द्यावे असं वाटलं हुतं, पन ते इतके काळे झाले हुते की माझीच मला लाज वाटली.

आता बंगल्याला टाइल्स बसवल्यात, शेगडी गॅसची हाय. मला कुनी कुनी इचारतं, तर मी छाती काढून सांगतो, हितलं इंग्रजांचं राज्य मी उलथवलं, कस्टर उपडं करून.

हे समदं मी मास्तरीनबाईला सांगत हुतो तवर सुंदरा पलीकडं सुपात ज्वारी पाखडत बसलेली. अर्धा दिस एक शब्द बोलली न्हाई. मी म्हनलं, "काय ऱ्हायलं असलं तर सांग, अंकात छापून येनार हाय."

सूप खाली न ठिवता ती म्हनली, "त्या बाईनं हात लिवला हुता. हात माझा हुता. कायम तुमी झाला. तेवढं लिवा."